एबी फॉर्मपर्यंत न पोचलेलं मूल्य : महिला आरक्षणाच्या २७ वर्षांचं प्रकरण

पक्ष आपल्या सामाजिक मूल्यांना जागतात का, हे तपासायला बसलं की पहिली अडचण मूल्यांच्या व्याख्येचीच येते. धर्मनिरपेक्षता म्हणा, सामाजिक न्याय म्हणा, जातिअंत म्हणा, प्रत्येक पक्षाची व्याख्या वेगळी. वाद कितीही रंगला तरी शेवटी 'आमच्या मते आम्ही जागलो' असं म्हणायची सोय सगळ्यांनाच राहते. म्हणून मी असं प्रकरण निवडलं आहे की ज्यात मूल्य काय, यावर फारसा वाद नाही आणि ते पाळलं की नाही हे मोजताही येतं. लोकसभेत आणि विधानसभांत महिलांना एक तृतीयांश जागा. १९९६ ते २०२३ या काळात बहुतेक मोठ्या पक्षांनी ही मागणी कधी ना कधी जाहीरनाम्यात घातली. 'बायकांनी घरीच बसावं' असं लिहिणारा जाहीरनामा माझ्या तरी पाहण्यात नाही.

मोजायचं ठिकाण मात्र नीट निवडायला हवं. निवडणुकीत पक्षाच्या हातात असलेली सर्वांत खरी गोष्ट म्हणजे एबी फॉर्म. 'ए' फॉर्मवर पक्षातर्फे सही करायचा अधिकार कुणाला, ते असतं. 'बी' फॉर्मवर उमेदवाराचं नाव. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत हे दोन्ही कागद निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचले नाहीत, तर तो माणूस पक्षाचा उमेदवारच नाही. पंधरा वर्षं सतरंज्या उचलल्या असोत की रात्रीतून पक्षात आलेला असो, कागदाला काही फरक पडत नाही. आदल्या रात्री कुणाचा पत्ता कट झाला, कुणाला ऐनवेळी फॉर्म मिळाला, कोण बंडखोरी करणार, याच्या बातम्या आपण मिटक्या मारत वाचतो. पक्षाचं खरं धोरण त्या रात्री ठरत असतं, आणि त्यात न्यायालय, विरोधी पक्ष किंवा जनगणना यांपैकी कुणाचाही हात नसतो.

आता घटनाक्रम. १२ सप्टेंबर १९९६ रोजी देवेगौडा सरकारने ८१ वं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडलं. सरकार संयुक्त आघाडीचं, एक तृतीयांश आरक्षणाचं आश्वासन त्यांच्या किमान समान कार्यक्रमात होतंच. विधेयक झटपट मंजूर होईल असं वाटत असतानाच ओबीसी महिलांचं काय, हा प्रश्न पुढे आला. तो भाजपच्या उमा भारतींनीही विचारला, म्हणजे फक्त मंडलवाल्यांनी नव्हे. विधेयक गीता मुखर्जींच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीकडे गेलं, समितीने त्याच डिसेंबरात अहवाल दिला, आणि मग सरकारच गेलं.

पुढे वाजपेयी सरकार. १३ जुलै १९९८ रोजी कायदामंत्री एम. थंबीदुराई विधेयक मांडायला उठले तेव्हा राजदचे सुरेंद्र प्रसाद यादव पुढे धावले आणि विधेयकाच्या प्रती हिसकावून त्यांनी फाडल्या. १९९९ मध्ये पुन्हा मांडणी, पुन्हा गोंधळ. त्या आधी, १९९७ मध्ये, शरद यादवांनी 'परकटी' बायकांचा तो कुप्रसिद्ध उल्लेख केला होता. केस कापलेल्या शहरी बायकाच या आरक्षणाचा मलिदा खाणार, असा त्याचा रोख.

इथे थोडं थांबू, कारण प्रकरणाचा सर्वांत गुंतागुंतीचा भाग हा आहे. विधेयकाला उघड विरोध करणारे सपा, राजद आणि शरद यादवांचा गट हे सगळे समाजवादी नेते राममनोहर लोहियांचं नाव घेणारे. लोहियांनी मांडलेल्या विशेष संधीच्या सिद्धांतात 'सौ में साठ'ची, म्हणजे मागासांना शंभरात साठ जागांची, मागणी होती, आणि त्या साठ टक्क्यांत सगळ्या जातींच्या स्त्रिया होत्या. म्हणजे ब्राह्मण स्त्रीसुद्धा लोहियांच्या हिशेबात मागासच. त्यांच्या वारसांनी या यादीतून जात तेवढी ठेवली आणि स्त्री गाळली. तरीही त्यांचा मुद्दा पोकळ होता असं मी म्हणणार नाही. ओबीसी महिलांसाठी पोटआरक्षण नसेल तर राखीव जागांवर वरच्या जातींतल्या, आधीच सत्तेत असलेल्या घरांतल्या बायका जास्त येतील, ही भीती रास्त होती. विधेयकात अनुसूचित जाती-जमातींच्या जागांमधल्या एक तृतीयांश जागा त्या-त्या समाजातल्या महिलांना होत्या. ओबीसींसाठी लोकसभेत मुळात आरक्षणच नाही, त्यामुळे त्यांच्या महिलांना वेगळी तरतूद नव्हती.

पण मग सरळ प्रश्न येतो. ज्यांना ओबीसी महिलांची एवढी काळजी होती, त्यांना तिकीट देण्यापासून कोणी अडवलं होतं? उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये त्यांची सत्ता होती, फॉर्म त्यांच्या हातात होते. एक तृतीयांश तिकिटं ओबीसी आणि मुस्लीम महिलांना देऊन 'हे बघा, कसं करायचं असतं' असं दाखवून विधेयकवाल्यांची तोंडं बंद करता आली असती. तसं झालं नाही. हरकत खरी होती आणि ती घेणाऱ्यांचा हेतू तितकासा खरा नव्हता, असाच अर्थ मी लावतो.

दुसऱ्या बाजूचीही गंमत कमी नाही. मनमोहन सिंग सरकारने मे २००८ मध्ये विधेयक राज्यसभेत मांडलं. राज्यसभाच निवडली, कारण लोकसभा विसर्जित झाली की तिथे मांडलेली विधेयकं बाद होतात, राज्यसभेतली टिकतात. कायदामंत्री हंसराज भारद्वाज यांच्या हातून प्रती कोणी हिसकावू नये म्हणून सत्ताधारी महिला सदस्य त्यांच्याभोवती उभ्या राहिल्या. ८ मार्च २०१० ला, महिला दिनी, चर्चेचा प्रयत्न झाला. सभापती हमीद अन्सारी यांच्यासमोर कागद फाडले गेले. दुसऱ्या दिवशी सात सदस्य निलंबित, मार्शल बोलावले, आणि विधेयक १८६ विरुद्ध १ मतांनी मंजूर. काँग्रेस, भाजप, डावे एका बाजूला. असा योग दुर्मीळ.

त्यानंतर चार वर्षं ते लोकसभेत चर्चेला आलंच नाही. मित्रपक्ष पाठिंबा काढतील, हे कारण. याच सरकारने जुलै २००८ मध्ये अणुकरारासाठी डाव्यांचा पाठिंबा गमावला होता आणि विश्वासदर्शक ठरावाला सामोरं जाऊन आपलं अस्तित्व पणाला लावलं होतं. म्हणजे सरकार पणाला लावता येत होतं. कशासाठी लावायचं, ते पक्षाने ठरवलेलं होतं. २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि राज्यसभेने मंजूर करून लोकसभेकडे पाठवलेलं विधेयक तिथेच पडून असल्यामुळे बाद झालं.

त्या १८६ विरुद्ध १ मधला एक कोण? मराठी वाचकाला हे माहीत असायला हवं, पण अनेकांना नसतं. ते शरद जोशी. शेतकरी संघटनेचे. १९८६ साली चांदवडला ग्रामीण बायकांचं अधिवेशन भरवणारे, पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावणारे. सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावणं म्हणजे काय, हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. भाषणात समता आणायला काही लागत नाही, तलाठ्याकडे जायला लागतं. त्यांचा आक्षेप आरक्षणाच्या पद्धतीवर होता. मतदारसंघ सोडतीने राखीव होणार आणि दर निवडणुकीला फिरणार, तर कुठल्याच बाईला मतदारसंघ बांधता येणार नाही, पुरुषालाही नाही, असं त्यांचं म्हणणं. पटो न पटो, पण मतदानाच्या यादीवरून कोण बायकांच्या बाजूचा आणि कोण विरोधातला हे ठरवू गेलं तर काय होतं, त्याचा हा नमुना. त्याच दिवशी तृणमूल काँग्रेसचे सदस्य मतदानात नव्हते. तृणमूलची गोष्ट पुढे येईलच.

२०१४ ते २०२३ हा टप्पा पटकन सांगण्यासारखा आहे, कारण त्यात काही घडलंच नाही. भाजपच्या जाहीरनाम्यात आरक्षण होतं, लोकसभेत स्वबळावर बहुमत होतं, काँग्रेसचा विरोध नव्हता. नऊ वर्षं गेली.

मग सप्टेंबर २०२३ मध्ये, संसदेच्या नव्या इमारतीत, तीन दिवसांत सगळं उरकलं. १९ ला मांडणी, २० ला लोकसभेत ४५४ विरुद्ध २, २१ ला राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य. विरोधातली दोन मतं एमआयएमची, असदुद्दीन ओवेसी आणि औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील यांची. कारण ओबीसी आणि मुस्लीम महिलांना वाटा नाही. या वेळी काँग्रेसही ओबीसी पोटआरक्षण मागत होती. तुमच्या २०१० च्या विधेयकात ते का नव्हतं, या प्रश्नावर राहुल गांधींनी तेव्हा ते करायला हवं होतं असं सरळ कबूल केलं. राजकारणात एवढंही विरळा.

कायदा झाला, पण अंमलबजावणीला अट: कायदा लागू झाल्यानंतरची पहिली जनगणना, तिच्या आकड्यांवर मतदारसंघ पुनर्रचना, आणि त्यानंतर आरक्षण. मुदत पंधरा वर्षं. पुढे जाहीर झालेल्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७. म्हणजे ज्यांनी बाजूने मतं दिली, त्यांच्यापैकी कुणाचीही जागा लगेच जाणार नव्हती. ४५४ जणांचं एकमत एवढ्या सहज कसं झालं, याचं निम्मं उत्तर मला तरी या अटीत दिसतं.

आणि सहा महिन्यांत परीक्षा आली. २०२४ च्या लोकसभेला तिकीटवाटप सुरू झालं तेव्हा कायद्याची शाई वाळलेली नव्हती. भाजपने सुमारे ४४० उमेदवारांत ६९ महिला दिल्या, काँग्रेसने ३२८ मध्ये ४१. टक्केवारी अनुक्रमे सोळाच्या आणि साडेबाराच्या आसपास. देशभरातल्या ८,३६० उमेदवारांत महिला ८००. १५२ मतदारसंघांत एकही महिला उमेदवार नव्हती. निवडून आल्या ७४, आधीच्या लोकसभेत आल्या होत्या ७८. त्याच निवडणुकीत मतदानाला मात्र बायकांची टक्केवारी पुरुषांपेक्षा किंचित जास्त होती: ६५.७८ विरुद्ध ६५.५५.

महाराष्ट्राचा आकडा आणखी बोलका आहे. हे राज्य १९९४ सालीच महिला धोरण आणणारं, ७३ व्या घटनादुरुस्तीच्या आधी जिल्हा परिषदा-पंचायत समित्यांत ३० टक्के आरक्षण देणारं, २०११ मध्ये ते ५० टक्क्यांवर नेणारं. नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा निवडणूक तर बायकांभोवतीच फिरली. लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये. महायुती म्हणाली २,१०० करू, महाविकास आघाडी म्हणाली ३,००० देऊ. सभांमधून बहिणींची नावं घेतली गेली तेवढी क्वचितच कधी घेतली गेली असतील. आणि तिकिटं? अपक्षांसकट ४,१३६ उमेदवारांत महिला ३६३. निवडून आल्या २८८ मध्ये २१. आधीच्या विधानसभेत २४ होत्या. बहिणींच्या निवडणुकीत बहिणी तीन कमी झाल्या. त्या २१ जणींमध्येही बऱ्याच जणी वडील, सासरे किंवा नवरा यांच्या राजकारणातून आलेल्या. अर्थात पुरुष आमदारांची यादी काढली तरी घराणी कमी निघणार नाहीत, त्यामुळे हा दोष एकट्या बायकांच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

पक्षातल्या लोकांशी बोललं तर कारणं ठरलेली असतात. 'सक्षम महिला उमेदवारच मिळत नाहीत हो.' या कारणाचा निकाल स्थानिक स्वराज्य संस्थांनी केव्हाच लावला आहे. आरक्षणाची सोडत निघते, वॉर्ड महिलांसाठी राखीव होतो, आणि आठवडाभरात प्रत्येक पक्षाकडे तीन-चार इच्छुक तयार असतात. कायद्याने भाग पाडलं की बायका सापडतात. सुरुवातीला त्यांतल्या कित्येक जणी नावापुरत्याच असतात, सही तिची आणि कारभार सरपंचपतीचा, हे खरंच. पण त्याच पद्धतीतून स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या नगरसेविका आणि जिल्हा परिषद सदस्याही पुष्कळ आहेत. पक्षाचा कस लागतो तो पुढच्या टर्मला, वॉर्ड खुला झाल्यावर. पाच वर्षं नळजोडण्यांपासून गटारांपर्यंत सगळं केलेल्या बाईला तेव्हा ऐकवलं जातं, 'ताई, या वेळी भाऊंना संधी देऊ, तुम्हाला महिला आघाडीत घेतो.' म्हणजे कार्यकर्त्या घडवायची शाळा तीस वर्षं सरकारी खर्चाने चालली, आणि पास झालेल्यांना वरच्या वर्गात घ्यायचं काम तेवढं पक्षाकडे होतं.

दुसरं कारण 'निवडून येण्याची क्षमता'. हे जास्त वजनदार, म्हणून ते जास्त नीट तपासायला हवं. २०२४ च्या लोकसभेत ८०० महिलांपैकी ७४ जिंकल्या, म्हणजे नऊ टक्क्यांहून थोड्या जास्त. पुरुषांत हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास. हा आकडा मी फार ताणणार नाही, कारण हौशी अपक्षांत पुरुषच जास्त असतात आणि त्यांच्यामुळे पुरुषांची सरासरी पडते. पण बाई दिली की जागा गेली, हे तरी त्यातून सिद्ध होत नाही.

खरी गोम दोन राज्यांच्या तुलनेत दिसते. २०२२ साली उत्तर प्रदेशात काँग्रेसने ४० टक्के तिकिटं महिलांना दिली. 'लडकी हूं, लड सकती हूं' ही घोषणा, दीडशेवर महिला उमेदवार, प्रियंका गांधींचा प्रचार. पक्षाच्या ४०३ पैकी दोन जागा आल्या, त्यांत एक महिला. त्याच वर्षाच्या शेवटी हिमाचल प्रदेशात निवडणूक झाली. तिथे काँग्रेसला सत्तेची खरी आशा होती आणि सत्ता मिळालीही. पण तिथे ४० टक्क्यांचा नियम लावलाच गेला नाही. ६८ जणांच्या त्या विधानसभेत एकच महिला निवडून आली आणि ती भाजपची. जिथे गमवायला काही नाही तिथे मूल्य, आणि जिथे खुर्ची समोर दिसते तिथे 'क्षमता'. काँग्रेसचं नाव घेतलं कारण उदाहरण स्वच्छ आहे. इतर बहुतेक पक्षांनी तर उत्तर प्रदेशाएवढंही धाडस केलेलं नाही.

याच जोडीला माजी मुख्य निवडणूक आयुक्त एम. एस. गिल यांचा जुना प्रस्ताव आठवतो. मतदारसंघ राखीव करण्याऐवजी पक्षांनाच ठरावीक प्रमाणात महिलांना उमेदवारी द्यायला लावायची, नाहीतर मान्यता धोक्यात. महिला संघटनांनी त्यावर घेतलेला आक्षेप असा, की पक्ष हरणाऱ्या जागा बायकांच्या गळ्यात मारतील. उत्तर प्रदेशाने तो आक्षेप खरा ठरवला असं म्हणता येईल. पण तो प्रस्ताव पुढे गेला नाही त्याचं कारण मला वेगळं वाटतं. राखीव मतदारसंघात जागा गेली तर नेता कार्यकर्त्याला सांगू शकतो, 'काय करणार, सोडतच तशी निघाली.' गिल यांच्या वाटेने गेलं असतं तर कुणाचा पत्ता कापायचा हे पक्षाध्यक्षाला स्वतः ठरवावं लागलं असतं.

अपवाद आहेत, आणि ते सांगितल्याशिवाय प्रकरण पुरं होत नाही. बिजू जनता दलाने २०१९ मध्ये ओडिशातल्या २१ पैकी ७ लोकसभा जागा महिलांना दिल्या, पाच जिंकल्या. बिजद तेव्हा सत्ताधारी होता, त्यामुळे हे हरणाऱ्या पक्षाचं औदार्य म्हणता येत नाही. फक्त नियम लोकसभेपुरता होता. सोबतच झालेल्या विधानसभा निवडणुकीत, जिथे पक्षाची खरी सत्ता, तो लागू नव्हता. तमिळनाडूतला नाम तमिळर कच्ची अर्धी तिकिटं महिलांना देतो, पण जागा एकही येत नाही. आणि तृणमूल: २०१० मध्ये मतदानाला गैरहजर राहिलेला हाच पक्ष २०१९ मध्ये बंगालच्या ४२ पैकी १७ जागांवर महिला उभ्या करतो आणि त्यांतल्या नऊ निवडून आणतो, २०२४ मध्ये १२ उभ्या केल्या, ११ जिंकल्या. पक्षाची सूत्रं एका बाईच्या हातात आहेत हे कारण पुरेसं नाही, कारण मायावती आणि जयललितांच्या पक्षांत असं काही दिसलं नव्हतं. तिकडे ममता बॅनर्जींनी ठरवलं आणि केलं, एवढाच अर्थ निघतो. बाकी बाबतींत तृणमूलबद्दल ज्याचं जे मत असेल ते असो.

शेवटची तपासणी अशी आहे की जिच्यात 'निवडून येण्याची क्षमता' हा शब्दच गैरलागू ठरतो. राज्यसभा आणि विधान परिषद. राज्यसभेला मतदार म्हणजे पक्षाचेच आमदार; विधान परिषदेच्या बऱ्याच जागांचंही तेच. प्रचारसभा नाही, जातीची गणितं मतपेटीत उलटायची भीती नाही, नाव पक्षाने ठरवलं की संख्याबळाइतके लोक जवळपास निवडून आलेच. २०२३ चा कायदा या दोन्ही सभागृहांना लागूच नाही, म्हणजे इथे जे होतं ते निव्वळ पक्षाच्या मर्जीने होतं. कायदा मंजूर झाला तेव्हा लोकसभेत आणि राज्यसभेत महिलांचं प्रमाण जवळपास सारखंच होतं, १३ ते १५ टक्क्यांच्या घरात. महाराष्ट्राच्या ७८ जणांच्या विधान परिषदेतही महिला आमदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असतात, आणि तिच्या जागा भरायची वेळ येते तेव्हा यादीत आदल्या निवडणुकीत पडलेल्या, रुसलेल्या आणि शब्द दिलेल्या मंडळींची नावं आधी लागतात.